बी बाजूचं शेवटचं गाणं

म्हशाच्या जत्रेत आवाजाला तोटा नसतो. बैलांच्या गळ्यातले घुंगूर, आकाशपाळण्यातल्या बायकांच्या किंकाळ्या, मौत का कुआँमधली फटफटी, आणि दर दुकानाचा आपापला कर्णा. शेजाऱ्याचा आवाज दाबायचा म्हणून जो तो आपला वाढवतो. अशा ठिकाणी कुणाला हळू आवाजातलं एक गाणं ऐकू आलं असं सांगितलं, तर ऐकणारा वेड्यात काढील. पण रंजिताला ते ऐकू आलं, आणि ती मधल्या वाटेत थांबली.

मागून येणारा गुळाच्या रेवड्यांचा हातगाडीवाला ओरडला, "ओ ताई, जत्रा पुढे आहे!"

तिचं लक्षच नव्हतं. ते गाणं मायकल जॅक्सनचं होतं. तशी मायकलची गाणी त्या वर्षी सगळीकडे वाजत होती. दोन महिन्यांपूर्वी तो मुंबईत येऊन नाचून गेला होता, आणि शहापूरच्या कॉलेजातली पोरं कमरेत लचक भरेपर्यंत मागे सरकून चालायला शिकत होती. पण हे त्यातलं नव्हतं. ज्याच्यावर कुणी नाचत नाही, ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, असं एक संथ गाणं. मावशीच्या मुलाने दिलेल्या, कव्हर हरवलेल्या कॅसेटमध्ये तिला ते सापडलं होतं. ते जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे, अशी तिची तोवर पक्की समजूत होती.

आवाजाच्या मागे मागे ती एका टोपल्या-सुपांच्या दुकानापाशी आली. पालथ्या टोपलीवर एक जुना टेपरेकॉर्डर. शेजारी बांबूच्या काड्या तासत बसलेला एक सावळा, किडकिडीत तरुण. डोळे मात्र असे, की आत कुणीतरी दिवा लावून विसरून गेलंय.

"सूप बघायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही... हे गाणं... तुमच्याकडे कसं?"

"कसं म्हंजे? कॅसेट हाय."

"पण हे कुणीच लावत नाही!"

"म्हणून तर मी लावलाय," तो हसला. "बाकीची काय, सगलीच लावतात."

तोवर रंजिताची बाईजाआत्या मागून धापा टाकत आली होती. आत्या सरळगावची. तिच्या दिपिकाचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि रंजिता कॉलेजला दोन दिवस दांडी मारून खरेदीच्या मदतीला आली होती. सूप तर घ्यायचंच होतं. आत्या पोराच्या आईशी, सोनूबाईशी, भाव करायला बसली. एकदा आत्या भाव करायला बसली की बाकी जगाला मोकळीक असे.

"याला मी श्वासाचं गाणं म्हणते," रंजिता हळूच म्हणाली. "इंग्रजी कुठे एवढं कळतंय? पण ओळ सुरू करायच्या आधी तो श्वास घेतो ना... तो ऐकू येतो. ऐकलाय?"

त्याच्या हातातली सुरी थांबली. त्याने कॅसेट बाहेर काढली, बांबूची एक काडी तिच्या भोकात घातली आणि गरागरा फिरवून फीत मागे नेली. बटण दाबून मागे नेली असती तर सेल खर्ची पडले असते. मग कॅसेट पुन्हा आत गेली, आणि दोघं त्या एवढ्याशा डब्यावर कान लावून वाकले. आजूबाजूला सगळी जत्रा गर्जत होती. आणि तिच्या मधोमध, सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाने श्वास घेतला.

"आयला!" तो पुटपुटला. "इतकी वर्सं ऐकतोय, हा मला नाय ऐकू आला कंदी."

त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की रंजिताला एकदम आपलं काहीतरी त्याच्यापाशी राहून गेल्यासारखं वाटलं.

"मायकल मोठाच," तो म्हणाला, "पन ही ए बाजू झाली. बी बाजूला प्रिन्स हाय. त्याचं शेवटचं गाना ऐकलं, तर मायकल इसराल तुमी."

"शक्यच नाही."

"पैज?"

"लावा मग आत्ताच!"

"आता नाय. ते असं मधूनच लावायचं नसतं. ते शेवटी आपोआप यायला लागतंय."

तेवढ्यात आत्याचा सौदा तुटला आणि जुळला. सोनूबाईने सुपाबरोबर एक बातमीही फुकट दिली. आपला हरेश बेंजो वाजवतो, बारकूदादाच्या पार्टीत. टिपिकल आईसारखं तिने वर जोडलं, "एकदा ऐकलंस ना बाय, तर दुसऱ्या पार्टीला दारात उभी करायची नायस." दिपिकाच्या हळदीला बेंजो पाहिजेच होता. आत्याने तिथल्या तिथे सुपारी दिली. आणि रंजिता उगाचच सुपाची वीण निरखत राहिली.

* * *

पुढे हरेशला शहापुरात कामं निघू लागली. कधी बेंजोची तार तुटे, कधी लग्नाची बोलणी असत. तारा त्याच्या जवळच्या मुरबाडलाही मिळतात, हे रंजिताला ठाऊक होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. कॉलेज सुटल्यावर एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये दोन चहा, एक वडापाव, आणि भांडण.

भांडणाचा एकच नियम होता. नाचायची गाणी धरायची नाहीत. जी गाणी वरातीत वाजतात, ती सगळ्यांची. आपण बोलायचं ते फक्त मागे राहिलेल्या गाण्यांबद्दल.

"मायकलचं एक आहे," ती म्हणायची, "त्यात मध्येच सगळी वाद्यं गप्प होतात. नुसत्या चुटक्या. माणूस चुटक्यांवर गाऊ शकतो, विचार कर!"

"आणि प्रिन्स गिटार बोलायला लावतो. बोलायला म्हंजे... रडायला. मी बेंजोवर करून बघितलं. बेंजो नुस्ता शिंकतो."

ती खळखळून हसली. चहा बशीत सांडला. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"पण प्रिन्सचा आवाज म्हणे बारीक असतो," एकदा ती म्हणाली. "कॉलेजातली एक मैत्रीण सांगत होती. अगदी बाईसारखा."

"बाकीच्या गाण्यांत असंल. पन त्या शेवटच्यात नाय." टेबलावरच्या पाण्याच्या थेंबात बोट फिरवत तो सांगू लागला. "आमच्या पाड्याखाली एक विहीर हाय. चैतात पानी खाली गेलं का आत उतरायला लागतंय. तलाला उभं राहून कुनी हाक मारली, का वर आवाज येतो बघ... जड, गार, लांबून. तसा गातो तो. घाईच नाय त्याला कसली. एकेक शब्द असा सोडतो, का त्यो शब्द खाली पोचल्यावरच दुसरा. मी त्याला विहिरीचं गाना म्हणतो."

त्याने आपल्या पाड्यावरच्या संध्याकाळी सांगितल्या. पाडा सिद्धगडाच्या पायथ्याशी. वीज नाही. सेल दिवसभर घराच्या कौलावर उन्हात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो. दिवेलागणीला खळ्यावर टेप ठेवायचा. ए बाजूला मायकल लागला की म्हातारी माणसंसुद्धा कंबर हलवतात. बी बाजूला प्रिन्स निम्म्यावर आला की एकेक जण जेवायला उठतो. आणि शेवटचं गाणं लागतं तेव्हा खळ्यावर हरेश एकटा असतो, समोर डोंगर काळा होत गेलेला.

"तवा तो गातो," हरेश म्हणाला. "मला वाटतं, एवढ्या लांबून तो फक्त माझ्यासाठी येतो. हसू नको हां."

रंजिता हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता. मायकल हरणार की काय, अशी तिला पहिल्यांदाच धाकधूक वाटली, आणि हरायला आपली फारशी हरकत नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं.

एप्रिलात त्याने ती कॅसेट तिच्या हातात ठेवली. ठेवली, पण सोडली नाही... दोघांची बोटं कॅसेटवर तशीच राहिली.

"जपून," तो म्हणाला.

"मायकलची शपथ," ती म्हणाली.

* * *

घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचा टेप होता, भिंतीतल्या विजेवर चालणारा. तिने दार लोटून घेतलं आणि बी बाजू लावली. एकेक गाणं संपत गेलं. शेवटचं सुरू झालं... आणि ती चक्रावली.

धडाडधूम ढोल. सुसाट ठेका. बारीक, चिरका, उड्या मारणारा आवाज. विहीर? हा तर जत्रेतला पाळणा होता!

तिने फीत मागे नेली, पुढे नेली. बाजू उलटली. पुन्हा उलटली. जड, गार, बिनघाईचं गाणं त्या कॅसेटमध्ये कुठेच नव्हतं. मला बनवलं की काय याने? गावाकडचा साधा पोरगा म्हणता म्हणता शहापूरच्या पोरीची टोपी उडवली? ती इतकी चिडली की टेप बंद करायलाही उठली नाही. तेच गाणं पुन्हा धडधडत राहिलं.

आणि दिवेलागण झाली. आळीतल्या घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू झाले, आणि रोजच्यासारखं व्होल्टेज उतरलं. डोक्यावरचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा. पंख्याची पाती मोजता येऊ लागली. टेपमधला आवाज एकदम ओणवला... आणि खाली खाली जात तळाला पोचला.

तो गात होता. जड. गार. लांबून. एक शब्द खाली पोचला, मगच दुसरा निघाला. त्या धांदरट गाण्याच्या पोटात हे दडलेलं होतं! रंजिताने श्वास रोखला. तिला खळं दिसलं, काळा डोंगर दिसला, डोंगरासमोर एकटा बसलेला हरेश दिसला. डोळे भरून आले आणि का आले ते तिला सांगता आलं नसतं.

दोनच ओळी. मग वीज सावरली, दिवा लख्ख झाला आणि गाणं पुन्हा उड्या मारत निघालं.

तेव्हा तिला सगळा उलगडा झाला. शेवटचं गाणं यायचं तोवर त्याचे सेल मरायला टेकलेले असायचे. मोटर दमायची, फीत रेंगाळायची. नवे सेल सणासुदीला यायचे, तेव्हा सगळ्यांना मायकल हवा असायचा. इतक्या वर्षांत हरेशने ते गाणं धड चालीवर एकदाही ऐकलं नव्हतं. ज्याच्यावर त्याने जीव लावला होता, ते गाणं प्रिन्सने कधी गायलंच नव्हतं.

* * *

हे त्याला सांगायचं कसं? सांगितलं तर त्याची विहीर बुजवल्यासारखं. आपण कोण लागून गेलो, कुणाच्या विहिरीत दगड टाकणाऱ्या? तिने ठरवलं, गप्प बसायचं. पण पुढच्याच भेटीत त्याने बॉम्ब टाकला.

"दिपिकाच्या हळदीत मी विहिरीचं वाजवणार. बेंजोवर बसवलाय. बारकूदादा नको म्हणतो, हळदीत लोकांना नाच पायजे म्हणतो. मी म्हटलं, एकच. सगल्यांसमोर. तुझ्यासमोर. तवा ठरू दे, मायकल का प्रिन्स."

रंजिताच्या डोळ्यांसमोर भरलेला मांडव आला. नवरदेव कल्याणचा, आणि तिकडची पोरंही हळदीला येणार होती. त्याचा दोस्त इंद्रजीत, इंग्रजी कॅसेटींनी कपाट भरलेला, साखरपुड्यात त्याने गावच्या सनईवाल्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. तो प्रिन्सचं गाणं ओळखणार. 'अरे, याला चाल तरी माहीत आहे का!' असं भर मांडवात म्हणणार. आणि हरेशच्या डोळ्यांतला तो दिवा... नको. त्यापेक्षा आपणच सांगावं. तो आपल्यावर रुसला तरी चालेल. म्हणजे चालणार नव्हतंच. पण त्याचं हसं झालेलं पाहवणार नव्हतं.

हळदीच्या दुपारी सरळगावात मांडव घातला जात होता. बायका चुलाणावर होत्या. बेंजो पार्टी नुकतीच उतरली होती. रंजिताने हरेशला पेंढ्याच्या उडवीमागे बोलावलं. कॅसेट परत दिली, आणि ओंजळीत धरलेले नवे कोरे सेल पुढे केले.

"आधी यांच्यावर ऐक. शेवटचं. मग काय वाजवायचं ते वाजव."

त्याने टेपमधले जुने सेल काढून खिशात टाकले आणि नवे घातले. गाणं सुरू झालं. तिने त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही. पेंढ्याची एक काडी मोडत राहिली.

"हा... कोन गातोय?"

"तोच."

"नाय."

"तोच, हरेश. सेल उतरले की... हळू होतं ते."

गाणं संपलं. फीत खट्‌कन थांबली. 

"म्हंजे मी इतकी वर्सं..." त्याने वाक्य अर्धंच टाकलं, टेप उचलला आणि निघून गेला. वळूनही बघितलं नाही.

रंजिता तिथेच पेंढ्यात बसून रडली. दिपिकाच्या हळदीत डोळे लाल का, असं कुणी विचारलंच तर चुलाणाचा धूर होताच.

* * *

संध्याकाळी मांडव माणसांनी भरला. बारकूदादाच्या पार्टीने सुरुवात दणक्यात केली. आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, हरेशच्या बेंजोवर तेच गाणं सुरू झालं. पण फास्ट! उड्या मारत, ठेक्यात, दुपारी एकदाच ऐकलेलं, जसंच्या तसं.

"अरे प्रिन्स!" इंद्रजीत उडालाच. "बेंजोवर प्रिन्स! चल चल चल!"

कल्याणची पोरं मांडवात घुसली. सरळगावची त्यांच्यात मिसळली. धुरळा उडाला, शिट्ट्या वाजल्या. सगळे खूश होते. रंजिता तेवढी खांबाला टेकून उभी होती आणि तिला वाटत होतं, झालं. बुजवली मी विहीर. तो आता जगासारखंच वाजवणार.

नाच संपला. माणसं घाम पुसत, पाणी मागत बसली. बाईजाआत्या दिपिकाला हळद लावायला पुढे झाली. तिने लेकीच्या गालाला हात लावला, आणि तेवढ्यात बेंजो पुन्हा वाजला. एकटाच. ढोलकीवाल्याला हरेशने हातानेच थांबवलं होतं.

एक सूर. तो पार तळाला पोचेपर्यंत हरेश थांबला. मग दुसरा.

मांडवात पाण्याचे पेले हातातच राहिले. आत्याचा हळदीचा हात लेकीच्या गालावर तसाच राहिला. तिच्या डोळ्यांतून धार लागली, आणि बाकीच्या बायकांच्याही. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं होतं की हे कुठून तरी फार लांबून, फार खोलातून येतंय. शिंकणारा तो पत्र्याचा बेंजो, त्यातून एवढं मोठं गार काळं आभाळ कसं निघत होतं, देव जाणे. रंजिताच्या अंगावरचा शहारा बसायला तयार नव्हता. इतके दिवस ती मायकल आणि प्रिन्स यांच्यात मोठा कोण ते तोलत होती. तराजू हातातून कधी गळून पडला, तिला कळलंही नाही.

सूर विरले. मग इंद्रजीतच हळू आवाजात म्हणाला, "हे... हे कुणाचं रे?" घटकेपूर्वी याच गाण्यावर तो नाचला होता, आणि ते त्याला ओळखू आलं नव्हतं.

हरेशने रंजिताकडे बघितलं. मग म्हणाला, "हे आमच्या पाड्याचं हाय."

* * *

मांडवात जेवणाची पंगत बसली तेव्हा तो उडवीमागे आला. ती आधीच तिथे होती.

"रुसलास?"

"दुपारी रुसलो होतो. मग बेंजो घेऊन बसलो. म्हटलं, त्यानं नसंल गायलं... पन मी तर ऐकलाय ना? मग ते हाय. कुठंतरी हायच." तो तिच्याकडे बघून हसला. "आणि तू मला तोंडावर सांगितलंस. दुसरी कुनी असती तर हसू दिलं असतं चारचौघांत."

"हसू दिलं असतं तर मीच मेले असते," ती पटकन बोलून गेली... आणि जीभ चावली.

 मांडवातून कुणीतरी भाजी मागत होतं.

"मग पैजेचं काय?" त्याने विचारलं. "मायकल का प्रिन्स?"

"दोघंही हरले."

"आणि जिंकला कोन?"

तिने मान खाली घातली. हळदीचा एक डाग तिच्या मनगटाला लागला होता, तो ती पुसत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी वीज आहे, हरेश. तिथे ते उड्याच मारतं. व्होल्टेज उतरलं तेव्हा मला दोनच ओळी मिळाल्या. विहिरीचं गाणं पुरं ऐकायचं तर... मला तुझ्या खळ्यावरच यायला लागेल."

"एक दिस?"

"एका दिवसात भागेल असं गाणं आहे का ते?"

हरेशला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो किडकिडीत पोरगा पेंढ्याला पाठ टेकून एकदम खालीच बसला.

"पन... औंदा पाड्यावर खांब येनार हायत म्हणे. लायट."

"मग लवकर विचार घरी. तुझ्याही आणि माझ्याही."

तो बराच वेळ हसत होता, आवाज न करता. मग त्याने खिशात हात घातला, ते जुने, गंज चढलेले सेल काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. सकाळी पाड्याहून निघण्याआधी त्याने ते कौलावर उन्हात तापवले होते.

रंजिताने मूठ मिटली. सेल अजून ऊन होते. सकाळच्या उन्हाने की त्याच्या खिशाने, ते तिने विचारलं नाही.